बरी झालेली मुलगी

आंबिवली सोडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत शाळेची चिठ्ठी होती: मुलीच्या बोलण्यात दोष आहे, उपचार करावेत. मी ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे राहायचं आणि बोलणं सुधारणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात जायचं, असं ठरलं होतं. आई दारात म्हणाली, "बाय, पानी उकलून पी. शालेन कुनाशी भांडू नको." माझा दोष एवढाच होता की मी आईसारखी बोलायचे.

बाई समोर आरसा धरायच्या आणि आइस्क्रीमच्या काडीने माझी जीभ वर दुमडायच्या. पाणी म्हण. बाळ म्हण. परत म्हण. त्या कोरड्या लाकडाची चव अजून जिभेवर आहे. वर्षभराने त्यांनी फाइलवर 'बरी झाली' असं लिहिलं, बाबांनी पेढे वाटले. दिवाळीत घरी गेले ती आईलाच सुधारायला लागले, तेही शेजारणींसमोर. त्या सगळ्या हसल्या. आई चुलीपाशी जाऊन बसली.

पुढे मी तेच शिकले आणि सहा वर्षं डोंबिवलीत तीच काडी दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडात घातली. पाड्यांवरची, चाळींतली धडधाकट पोरं, आणि त्यांच्या फाइलवर माझ्या अक्षरात 'उच्चारदोष'. सोसायटीतली पोरं अर्धं वाक्य इंग्रजीत बोलायची. त्यांना कुणी आजारी ठरवलं नाही.

मग पुढच्या शिक्षणासाठी मेलबर्नला आले. इथे कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं: असेसमेंटआधी पोराच्या घरच्यांचं बोलणं ऐका. सगळं घर तसंच बोलत असेल, तर ती त्यांची बोली आहे. इतकी साधी गोष्ट. मला माझीच किळस आली. आता इथल्या पोरांवरचे असले शिक्के पुसायचा मला पगार मिळतो, त्याचीही शिसारी येते. माझ्यासारखं गाव सोडून 'नीट' बोलायला शिकलेल्यांनो, तुमच्या घरात कोण गप्प झालं ते एकदा विचारा.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला म्हटलं, "तू घरात बोलतेस तशी बोल ना गं. मला परत शिकायचंय." तिने पदर सारखा केला, ताठ बसली आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "मी बरी आहे. तू पाणी उकळून पितेस ना?"

एकही चूक नव्हती. दादाने नंतर सांगितलं, "तुजा फोन येनार असला का ती आधी आरशासमोर बोलून बघते."

घर आहे अजून. मी फोन ठेवला की तिथे परत 'पानी' म्हणतात.