वाकून यायचं घर

आपलं घर पाहुण्यांना दाखवायची हौस पुष्कळांना असते. पण पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ आल्याशिवाय त्यानं घर पाहिलं असं मानायलाच तयार नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. डोळखांबच्या वरच्या अंगाला डांबर संपून लाल मातीची वाट सुरू होते, तिथं काकांचं घर. घरं तशी दोन. पुढचं विटांचं, मुलानं नोकरी लागल्यावर बांधलेलं. त्यात पंखा, टीव्ही, स्टीलची मांडणी, सगळं होतं, पण काकांच्या लेखी त्याचा उपयोग पाहुण्यांच्या चपला ठेवण्यापुरता. खरं घर मागचं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर पेंढ्याचं छप्पर, आणि दार एवढं बुटकं की शेळीनंही विचार करून आत जावं. हे घर पाडून तिथं दोन खोल्या काढायच्या, असं मुलाच्या मनात होतं, आणि आपण जिवंत असेतो त्याला हात लावू द्यायचा नाही, असं काकांच्या.

नव्वद सालच्या सुमाराला, लग्न होऊन महिनाही झाला नसेल, आम्ही दोघं आसनगावहून त्यांच्या पाया पडायला गेलो. चहापाणी राहिलं बाजूला, काका म्हणाले, "चल सूनबाय, जुना घर दाखवतो." डोक्यावर पदर, अंगात नव्या नवरीचा तोरा. मी ताठ मानेनं निघाले आणि कपाळ थेट चौकटीवर. डोळ्यांपुढं काजवे चमकले. काका मात्र मनापासून खूश. "लागला ना? बरा झाला. आता तू घरातली झाली." मग मी कपाळ चोळत असताना घराचा इतिहास सुरू झाला. पणजोबांनी बांधलेलं घर. जंगल मोजायला आलेला कुणी इंग्रज साहेब एकदा इथं पाणी प्यायला थांबला होता म्हणे. "कोनापुडं वाकत नसं तो. आमच्या दारात वाकला!" साहेब वाकला की आपटला, असं मी विचारलं. काकांनी जराही न अडखळता सांगितलं, "आदी आपटला, मंग वाकला."

त्या घरात कसलीही वस्तू जागची हलवायची नाही, हा कायदा. जातं इथं, उखळ तिथं, चुलीच्या डाव्या हाताला पाट, पाटाच्या वर कोनाड्यात काडेपेटी, मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, खुंटी, आणि कोपऱ्यात कणगी. त्या कणगीत भात ठेवणं कधीच बंद झालं होतं, तरी ती तिथंच. आपण पाटावर बसून उठलो की काका मागून येऊन पाट बोटभर सरकवत. एकदा शहरातल्या कॉलेजची मुलं मातीची घरं बघत हिंडत आली. त्यांचं काकांनी उदंड स्वागत केलं, प्रत्येकाचं कपाळ चौकटीला लावून घेतलं. पण त्यातल्या एका मुलीनं फोटोत उजेड यावा म्हणून जातं दाराकडं ओढलं मात्र, काकांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. जातं परत जागेवर आलं. तेवढ्यानं भागलं नाही. काकांनी डोळे मिटले, दारातून चाचपत आत गेले, हात खाली नेला, तो बरोबर जात्याच्या खुंट्यावर पडला. "हां. आता काडा फोटू." मुलांना वाटलं, हा काहीतरी जुना विधी असावा. मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

मातीचं घर एकदा बांधून होत नाही, ते दरवर्षी बांधावं लागतं. पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं, पावसाळ्यानंतर भिंती लिंपायच्या, मधून मधून वाळवीनं खाल्लेला कूड बदलायचा. गावातल्या सगळ्यांनी कधीच कौलं नाहीतर पत्रे घातले होते, शाकारायला माणूस मिळेना, तेव्हा काका सत्तरी उलटल्यावर स्वतः वर चढले. नवीन भिंत जुन्या भिंतीच्या रेघेवरच उभी राहिली पाहिजे म्हणून मेढीपासून सुंभ ताणून ते मुलाला तासन् तास उन्हात उभं करत. मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, घर म्हातारा झाला. पाडू आन् स्लॅब टाकू." काका छपरावरूनच म्हणाले, "म्हातारा झाला म्हनून पाडायचा? मंग मला कवा पाडतंस?" मुलानं पुन्हा सुंभ ताणून धरला. दिवाळीच्या सुट्टीत मलाही लिंपायला बोलावणं येई. शाळेत बाई म्हणून मिरवणारी मी कोपरापर्यंत शेणात हात घालून मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत असे.

भाऊबीजेला मी एरवी माहेरी असे. एका दिवाळीत मात्र तिथंच राहिले, आणि लिंपण सुकायला लागलं असताना भाऊबीजेला मुरबाडकडून काकांची धाकटी बहीण आली. आत्याबाईंना मी लग्नकार्यांत पाहिलं होतं, ते नेहमी एका कोपऱ्यात बसलेल्या. सासरी गेल्यावर काही वर्षांतच डोळ्यांच्या दुखण्यात त्यांची नजर गेली. सासरचं घर त्यानंतर दोनदा मोडून नव्यानं बांधलं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. तिथं उठायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागे. इथं मात्र अंगणात आल्याबरोबर त्यांनी सासरहून सोबत आलेल्या पुतण्याचा हात सोडला. दाराशी मान नेमकी हवी तेवढी झुकवली. आत गेल्या, पिशवी मेढीच्या खुंटीला अडकवली, चुलीपाशी जाऊन पाटावर बसल्या, कोनाड्यातून काडेपेटी काढली, चूल पेटवली आणि भावासाठी चहा ठेवला. कुणाला काही विचारलं नाही. डोळे असताना पाहिलेलं आणि अजून तसंच राहिलेलं असं त्यांच्यासाठी जगात हे एकच घर होतं. मला भडभडून आलं. ते लपवायला घाईनं आत शिरले, आणि कपाळ पुन्हा चौकटीवर.

"सूनबाय आपटली वाटतं," चुलीकडून आत्याबाई म्हणाल्या.

नंतर मी काकांना अंगणात गाठलं. "काका, हे सगळं आत्यांसाठी?" काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांची चोरीच पकडली होती. "छ्या! कोन बोल्ला? ऐतिहासिक घर हाय ह्यो. इंग्रजाचा सायब..." पुढचं मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मात्र बोलावण्याची वाट न पाहता लिंपायला गेले, आणि मुलगाही त्यानंतर स्लॅबचा विषय काढीनासा झाला. वर्षातून एक दिवस येणाऱ्या बाईसाठी काकांनी ते घर वर्षभर उभं ठेवलं, वाळवीशी, पावसाशी आणि आमच्याशी भांडून. इतका हट्टी माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि कुणी कुणावर एवढं प्रेम केलेलंही नाही.

शेवटची भाऊबीज आठवते. काकांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. लख्ख उन्हातून दाराशी आले आणि अंधारात चौकट दिसेना, तसे थबकले. आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून हलकेच खाली दाबलं. "वाक रे दादा, दार आला." मग हाताला धरून आत नेलं. "ह्यो जाता. हितं उखळ, पाय जपून टाक. बस, पाट हाय." सगळ्या मुलखाला घर दाखवणारा तो माणूस बहिणीच्या मागून मुकाट्यानं घर बघत होता, आणि कधी नव्हे ते इंग्रज साहेबाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

काका गेले, वर्षभरात आत्याबाईही गेल्या. वर्षानुवर्षं घर पाडायला निघालेल्या मुलानं आता त्याला हात लावला नाही. पण शाकारणी थांबली तसं पावसानं ते आपणहून खाली आणलं. मग तिथं दोन खोल्या उठल्या. गवंड्यानं दार कुठं काढू विचारलं, तेव्हा मुलानं जुन्याच जागी काढायला सांगितलं. दार चांगलं ऐसपैस, त्याच्या डोक्यावर हातभर जागा राहील एवढं उंच. वास्तुशांतीला तो कलश घेऊन पुढं झाला आणि दाराशी येताच वाकला. मागून त्याची बायको वाकली, मी वाकले, आमची पोरंही वाकली. अजून आम्ही त्या दारातून तसेच जातो. नवा पाहुणा मात्र ताठ मानेनं सरळ आत येतो, घर छान आहे म्हणतो, आणि मला वाटत राहतं, याला काही घर दिसलं नाही.