डाव्या हाताचा घुमारा

बाबा तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत आसेगावपासून धनजपर्यंत त्यांची पार्टी फिरायची. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि डावा हात गेला. जीभ शाबूत राहिली, त्यामुळे आमची सालटी काढायला त्यांना काही अडचण नव्हती. पण ढोलकीचा विषय निघाला की तोंड फिरवायचे.

मागच्या वर्षी त्यांच्या पार्टीतल्या गायकाच्या घरी एक जुनी कॅसेट सापडली. ती मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मोठ्या हौसेने घरच्या स्पीकरवर लावली. बाबांनी अर्धं गाणं ऐकलं.

"हे मी नोहो," ते म्हणाले. "माहा डावा हात कुठी हाय याच्यात?"

खरंच, उजव्या हाताची टकटक तेवढी येत होती. डाव्याचा घुमारा नव्हताच. मला राग आला तो स्पीकरचा. मी बासचं बटण पूर्ण फिरवलं, आवाजाचंही. तासाभरात दोन्ही ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, जळाले.

रिसोडच्या बाजारात एक मेकॅनिक अॅम्प्लिफायर जोडून देतो. त्याने चार गिऱ्हाइकांसमोर माझी शाळा घेतली. मी स्वतः मास्तर, मला सवय नव्हती.

"सर, वीस वॅटचा डबा फुल करून राह्यले तुमी. त्याचा दम संपला का आवाज फाटते, अन् फाटलेला आवाज ट्विटर खाते."

"मग दोनशे वॅटचा द्या."

"दहा बाय बाराच्या खोलीत दोनशे? वरात काढता काय? स्पीकरले पन्नास पुरे. घुमारा पाह्यजे तं सबवूफर येगळा घ्या, त्याच्यात त्याचा अॅम्प्लिफायर असते."

ट्विटर बदलले, पन्नासचा अॅम्प्लिफायर आणि सबवूफर घेतला. प्लायवूडचं ते खोकं कोपऱ्यात ठेवून नवीन गाणं लावलं, तर मांडणीवरच्या ताटल्या थरथरायला लागल्या आणि आईने दोन शिव्या हासडल्या. मी खूश. मग बाबांची कॅसेट लावली. नुसती घरघर. आठवडाभर मी ते खोकं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत होतो. शेवटी बाबांच्या खाटेशी आणून टेकवलं, तरी तेच. मग मेकॅनिकलाच घरी बोलावलं. त्याने डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं.

"सर, हे भरलं तवा टेपचा माइक बारका होता. खालचा आवाज त्यानं उचललाच नाही. आता कितीबी वॅट लावा. आडात नाही तं पोहऱ्यात कुठून येईन?"

तो गेल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. माणसाने उभं आयुष्य जे वाजवलं, ते त्याला एकदा ऐकवता येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं. वर मीच आशा लावली होती, तीही महिनाभर.

"बाबा, नाही निघत तुमचा डावा," मी म्हणालो.

बाबांनी खोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लाव पुन्हा. अन् ह्या खोक्याची पिन काढ."

मी पिन काढली, गाणं लावलं. बाबा खाटेच्या काठाशी सरकले. डावा हात त्यांनी मांडीवर नीट ठेवला आणि उजव्या हाताने सबवूफरच्या झाकणावर थाप मारली. पहिल्या दोन-तीन थापा चुकल्या. त्यांनी स्वतःलाच एक शिवी घातली. दुसऱ्या कडव्याला स्पीकरमधली टकटक आणि खोक्यावरची थाप एकमेकांत बसली.

"उजवा तं टेपात हायेच," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डाव्याचं काम आता ह्या हातालेच करा लागन."

मला वाटलं त्यांना गाणं नीट ऐकू यावं, म्हणून मी स्पीकरचा आवाज वाढवला. बाबांनी थाप न थांबवता डोळे वटारले.

"कमी कर बे. माहा डावा हात दबून राह्यला."