रेकॉर्डच्या बाई

शिपाई चहा घेऊन आला की आमच्या बाई आपल्या कपावर बशी उपडी घालायच्या आणि तो कप दोन बोटांनी हळूच पलीकडे सरकवायच्या. "मी घरून पिऊन आले." रोज हेच. शिपायाला तो कप आयताच मिळायचा, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

तुम्हीही कधी ना कधी सरकारी कचेरीत गेला असाल आणि टेबलावर माणूस नाही म्हणून ताटकळला असाल. पौडच्या आमच्या तालुका कचेरीत बाईंच्या बाबतीत असं घडायचं नाही. त्या सकाळच्या एसटीने पुण्याहून यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत उठल्याच तर रेकॉर्डच्या खोलीत जायला. ऐंशीच्या आसपासचे दिवस. कचेरीत आम्ही सगळे पुरुष आणि त्या एकट्या. मी आस्थापनेचा कारकून, म्हणजे सगळ्यांच्या रजा, बदल्या आणि दुखणी माझ्या टेबलावरून जायची. कचेरीतल्या कुणाचं काही माझ्यापासून लपत नाही, अशी माझी समजूत होती.

रेकॉर्डची खोली कौलारू. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. पावसाळाभर बाई ओले कागद दोरीवर टाकून वाळवायच्या आणि लाल कापडात पुन्हा बांधायच्या. एकदा ताम्हिणीकडचा एक म्हातारा इरलं घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आला.

"लई लांबनं आलोय बाई. आज न्हाई घावलं तर पुन्यांदा यायचं जमायचं न्हाई."

"बसा बाबा. कागद कुठे जात नाही," बाई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

दुपार टळल्यावर कागद सापडला. म्हातारा जायला उठला, पण दारात थांबला. "सकाळधरनं बगतुया, तुमी घोटभर पानी न्हाई घेतलं."

"मला तहानच लागत नाही," बाई हसून म्हणाल्या.

"बाईंचं माहेर उंटांच्या गावचं," असं मी मोठ्याने म्हणालो आणि सगळी कचेरी हसली. बाईही हसल्या. म्हाताऱ्याला मात्र काही हसू आलं नाही.

बाईंना अधूनमधून ताप यायचा. रजेचा अर्ज यायचा, मी मंजुरीला पाठवायचो. एकदा घरी जेवताना मी तो उंटाचा विनोद बायकोला सांगितला. आम्ही भूगावला राहत होतो. बायको तिथलीच, आणि बोलायला रोखठोक.

"तुमच्या कचेरीत बायामान्सास्नी जायला जागा हाय का?" तिने विचारलं.

"कुठे जायला?"

"कुटं म्हंजी? तुमी गडी मागल्या भिंतीकडं जाता. तिनं कुटं जायचं? म्हून पानी पीत न्हाई ती. येवढं कळंना व्हय तुमाला?"

माझा घास हातातच राहिला. मला सगळ्यांचं सगळं कळतं म्हणणारा मी, आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई दिवसभर पाणी का पीत नाहीत हे मला बायकोने सांगावं लागलं, तेही तिने बाईंना कधी पाहिलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी शिपायाला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "आदी त्या शाळंच्या मास्तरांच्या घरी जायच्या, वाईच पल्ल्याड. येक दिस सायबांनी सगळ्यांम्होरं इचारलं, बाई, टेबल सोडून कुटं गेल्ता? आता बाई काय सांगनार? त्या दिसापासनं न्हाई गेल्या."

तेव्हा मीही तिथेच होतो. साहेबांनी शिस्त लावली म्हणून मनातून खूशही झालो होतो. आता खरं कळलं होतं, तर साहेबांना सांगायला नको? दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दुसरंच काहीतरी बोलून परत आलो. तो शब्द तोंडातून निघेना. त्यानंतर बाईंच्या रजेचे अर्ज मी चौकशी न करता लगेच पुढे पाठवू लागलो. एवढीच माझी मर्दुमकी.

मग कचेऱ्या सुधारण्याचं वारं आलं. शेजारच्या जिल्ह्यात म्हणे सगळ्या फायली लावून झाल्या होत्या, कारकुनांना पंखे मिळाले होते. आमच्याकडेही हुकूम आला: कायम ठेवायचे कागद वेगळे, काही वर्षांनी काढायचे वेगळे, जाळायचे वेगळे, आणि कर्मचाऱ्यांच्या सोयी करा. सोबत तपासणीचा छापील नमुना होता. त्यात एक प्रश्न होता: स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय? आम्हा इतक्या पुरुषांना जे तोंडाने विचारता आलं नाही ते त्या नमुन्याने विचारलं.

तपासणीच्या धाकाने काम झालं. मागच्या अंगाला छोटी खोली उभी राहिली. वर स्लॅब, आत नळ, दारावर "स्त्रिया" अशी पाटी. इकडे बाईंनी सगळा हिवाळा धूळ खात कागद लावले. आणि एका सकाळी चहा आला तेव्हा त्यांनी बशी उपडी घातली नाही. चहा प्यायल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "साखर जरा बेताची घाला हो." त्याचा हक्काचा कप गेला म्हणून तो दोन दिवस घुश्शात होता. आम्ही सगळे फायलींत डोकं घालून बसलो होतो, पण पाहिलं सगळ्यांनीच. तो उन्हाळा बाईंचा बरा गेला. एकही रजा नाही.

तपासणी झकास झाली. रेकॉर्डची विशेष तारीफ झाली. आणि मग पाऊस आला.

रेकॉर्डच्या खोलीची कौलं नेहमीसारखी गळू लागली. नव्याने लावलेल्या गठ्ठ्यांवर धार लागली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "पक्कं छप्पर कुठे आहे?" सगळ्यांच्या नजरा मागच्या अंगाला वळल्या.

"तात्पुरतं," साहेब म्हणाले. "पाऊस संपेपर्यंत. बाई, तुमची काही हरकत नाही ना?"

साहेब तसे वाईट नव्हते. पण भर कचेरीत, आम्हा सगळ्यांसमोर, हरकत काय म्हणून सांगायची बाईंनी? त्यांनी हातातल्या ओल्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "कागद भिजायला नकोत."

आम्ही गठ्ठे हातोहात पोचवले. बाईंनी ते स्वतः रचले, दार लावलं, कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा बशी पुन्हा उपडी. या वेळी कारण सगळ्यांना माहीत होतं. कुणी हसलं नाही आणि कुणी बोललंही नाही. पाऊस संपला, दिवाळी गेली, गठ्ठे जागचे हलले नाहीत. पहिल्या वेळी आम्ही अडाणी होतो असं म्हणता येईल. या वेळचं काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. लाज वाटते, एवढं खरं.

पुढच्या वर्षी बाई फार आजारी पडल्या. मूत्रपिंडाला सूज आली, बरेच दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या त्या पुण्याला बदली मागायलाच. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "बाईंनी दिवसभरात कधी टेबल सोडलं नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बाई खाली बघत होत्या.

त्यांच्या जागी घोटावड्याकडची एक तरुण मुलगी आली. पहिल्याच दिवशी ती कचेरीच्या मधोमध उभी राहिली आणि खणखणीत आवाजात मला म्हणाली, "भाऊसाहेब, हितं बायकांचं कुटं हाय?"

कुणाला वर बघवेना. आतून साहेबांचा आवाज आला, "ती मागची खोली रिकामी करा." जेवणाच्या सुट्टीआधी खोली रिकामी झाली. मधल्या खोलीतल्या कपाटांवर फळ्या टाकल्या, गठ्ठे वर रचले, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. सगळे मावले.

वर्षभराने बाई सेवापुस्तकातल्या एका नोंदीसाठी आल्या. खूप वाळल्या होत्या. मागे जाऊन आल्या, पदराला हात पुसत माझ्या टेबलाशी थांबल्या.

"गठ्ठे कुठे ठेवले, भाऊसाहेब?"

"मधल्या खोलीत. कपाटांवर फळ्या टाकून."

"भिजत नाहीत ना?"

"नाही."

त्या दारात जाऊन वर रचलेल्या गठ्ठ्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हणजे जागा होती," बाई म्हणाल्या. रागाने नाही, एखादी नोंद तपासून घ्यावी तशा. मग सही करून त्या गाडीला निघून गेल्या, आणि मी त्यांना बसा म्हणायचंही विसरलो.