बाईंच्या नावातला काना

कुलगुरू होऊन मला दीड वर्ष झालं तेव्हा आमच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, की माझे सगळे फोटो बसलेले आहेत. समारंभात बसलेला, बैठकीत बसलेला, समई लावताना तेवढा उभा. त्यांनी सुचवलं की मी एक आठवडा बाहेर पडावं, आधी महाविद्यालयात आणि मग गावांत जाऊन लोकांशी बोलावं. त्यासाठी त्यांनी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके निवडले होते. हेच का, असं मी विचारलं. "सर, हिरवळ चांगली आहे," ते म्हणाले. "मागची बाजू छान येते."

सोमवारी भोरच्या एका महाविद्यालयात गेलो. आमच्या येण्याची खबर लागल्यामुळे भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या. मी जिन्यात भिंतीला टेकलो आणि पुढचा सगळा दिवस माझी डावी बाही पोपटी होती. विद्यार्थ्यांशी संवाद झाला. एका मुलीने विचारलं, "सर, कुलगुरू नेमकं काय करतात?" मी दहा मिनिटं उत्तर दिलं. ती "धन्यवाद सर" म्हणून खाली बसली. मी काय सांगितलं ते मला जेवायला बसेपर्यंतही आठवेना.

मंगळवारी शिवऱ्यात देवळाच्या सभामंडपात बैठक होती. मागच्या फलकावर आमच्या लोकांनी मोठ्या अक्षरांत 'सप्ताह' असं छापलं होतं. एक म्हातारेबाबा ते वाचून पुढे आले.

"काल्याचं कीर्तन कुणाचं हाय?"

"बाबा, तो सप्ताह नाही हा. विद्यापीठाचा आहे."

"मंग पारायण तरी?"

"तेही नाही."

"मंग सात दिवस करता काय?"

"लोकांना भेटतो."

"बरं," ते म्हणाले. "भेटलो." आणि काठी टेकत निघून गेले. ही भेट अधिकाऱ्यांनी अहवालात 'ज्येष्ठ नागरिकांशी हृद्य संवाद' अशी नोंदवली.

बुधवारी कामथडीत होतो. इथे माणसं बरीच जमली होती, बायकाही होत्या. मी बोललो, सरपंच बोलले, मग कुणाला काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा असं अधिकारी म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते. अडचण सहसा कुणी सांगत नाही. पण मागून एक बाई उठल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगावर अंगणवाडी सेविकेची गुलाबी साडी, हातात दोरीने बांधलेली फाईल. सरपंच मला हळूच म्हणाले, "आमच्या अंगणवाडीच्या बाई. वस्तीवरच्या आहेत. शिकलेल्या आहेत."

बाई पुढे आल्या आणि उभ्यानेच बोलू लागल्या.

"सायेब, म्या तुमच्याच विद्यापीठातून बाहेरून बी.ए. केलं. घरात जागा न्हवती, म्हणून सकाळी विहारात बसून अभ्यास केला. तिन्ही वर्षं पास. पण शेवटच्या गुणपत्रिकेत माझ्या नावाचा काना गळालाय. काना गेला की माझं नाव बाप्याचं व्हतंय. पदवी आली ती पण बाप्याचीच. अभ्यास म्या केला आणि पास बाप्या झाला."

मंडपात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

त्यांनी सोळा वर्षं अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला विद्यापीठाचं उत्तर आलं होतं आणि प्रत्येक उत्तरावर 'श्री.' लिहून त्यांचं बिनकान्याचं नाव होतं. सुरुवातीला पोस्टमन त्यांच्या मालकांना विचारायचा, हा कोण पाहुणा तुमच्याकडे राहतो? मधल्या काळात पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या. पदवी असलेल्या सेविकांना अर्ज करता येत होता. बाईंकडे पदवी होती, पण ती एका पुरुषाची होती. वयाची अट ओलांडली, तेव्हापासून त्या जागेचा विषय संपला.

"मी स्वतः लक्ष घालतो," मी म्हणालो. टाळ्या वाजल्या.

बाईंनी फाईल उघडून एक कागद वर काढला. "हे बी हाय यात. 'जातीने लक्ष घालण्यात येईल.'"

टाळ्या थांबल्या. मी फाईल मागून घेतली. बाईंनी ती लगेच दिली नाही. आधी आतले कागद मोजले, सरपंचांना आकडा सांगितला, मग दिली.

संध्याकाळी भोरच्या विश्रामगृहात चहा घेताना फाईल चाळली. कागद तारखेवार लावलेले होते. आमच्या परीक्षा विभागात इतकी नीट लावलेली फाईल मी पाहिलेली नव्हती. अर्ज, पोच, उत्तर. पुन्हा अर्ज, पोच, उत्तर. मधल्या एका उत्तरावर माझी सही होती.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सही माझीच होती. बऱ्याच वर्षांपूर्वी चार महिने माझ्याकडे परीक्षा नियंत्रकाचा प्रभारी कारभार होता. रोज दुपारी शिपाई पत्रांची चळत आणून ठेवायचा आणि मी फोनवर बोलता बोलता सह्या करायचो. माझा वेग चांगला होता, त्याबद्दल कौतुकही व्हायचं. हे पत्र त्या चळतीतलं. 'श्री. अमुक यांस, आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आला आहे.' संबंधित विभाग म्हणजे मीच होतो. मी तो अर्ज माझ्याचकडे पाठवला होता आणि तो मला मिळाला नव्हता.

चहा तसाच राहिला. बाई भरसभेत माझं नाव घेऊ शकल्या असत्या. त्यांना ते माहीत नव्हतं, की माहीत असून त्या गप्प बसल्या, हे मला कळेना. त्यातलं कुठलं जास्त वाईट, हेही ठरवता येईना.

गुरुवारी पासलीला जायचं होतं. भोरहून निघालो की कामथडीच्या जवळूनच रस्ता जातो. मी गाडी आत घ्यायला सांगितली. "सर, पासलीत लोक थांबलेत," अधिकारी म्हणाले. मी म्हणालो, थोडा वेळ थांबतील.

अंगणवाडीत पोरं रांगेत बसून खिचडी खात होती. बाई वाढत होत्या. मी फाईल घेऊन दारातच म्हणालो, "बाई, यातल्या एका पत्रावर माझी सही आहे." आणि ते पत्र पुढे केलं.

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि कागद घेतला. सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सही लई झोकात हाय," त्या म्हणाल्या.

"मी न वाचता केली होती."

"व्हय, ते कळतंय." त्यांनी कागद परत दिला. "आता वाचून करा. बसा."

बसायला पोरांची सतरंजी होती. मी बसलो. माझ्यासमोरही खिचडीची ताटली आली. शेजारच्या पोराने माझ्या ताटलीतला वाटाणा पाहिला आणि मी खात नाही असं ठरवून तो उचलला.

मी तिथूनच परीक्षा नियंत्रकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांनी प्रकरण शोधायला पाच मिनिटं घेतली आणि अतिशय आदराने सांगितलं, "सर, आपल्या नोंदीप्रमाणे अर्जदार पुरुष आहेत. नावात बदल साधा आहे, पण इथे पुरुषाची स्त्री होते. त्याला राजपत्रातली प्रसिद्धी लागेल."

"नियंत्रक साहेब, मी बाईंच्या समोर बसलोय. त्या स्त्री आहेत."

"आपण म्हणता ते बरोबरच असेल सर. पण कागद लागेल."

बाईंनी फाईलमधून परीक्षेचं प्रवेशपत्र काढलं. त्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता. कपाळ मोकळं, वेणी पुढे घेतलेली, नजर थेट. नाव काना असलेलं.

"प्रवेशपत्र आहे," मी फोनवर सांगितलं. "फोटोसकट."

"फोटो साक्षांकित आहे का सर?"

मी अधिकाऱ्यांकडून विद्यापीठाचा कोरा कागद मागून घेतला. पाटीचा आधार घेऊन त्यावर लिहिलं, की या कागदाच्या धारक या स्त्री असून, परीक्षेच्या वेळीही त्या स्त्रीच होत्या, याची मी व्यक्तिशः खात्री केली आहे. खाली सही केली. करण्याआधी दोनदा वाचलं. बाईंनी तिसऱ्यांदा वाचलं आणि 'व्यक्तिशः'वर बोट ठेवलं.

"हे काढा," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

मी ते खोडून दुसरा कागद केला. अधिकाऱ्यांनी या प्रसंगाचा एकही फोटो घेतला नाही.

पासलीला पोचायला दोन तास उशीर झाला. भातलावणीचे दिवस. लोक अर्धा तास थांबून खाचरात निघून गेले होते. शाळेच्या ओट्यावर विद्यापीठाच्या सेवा शिबिराला आलेली मुलं आणि एक आजी एवढीच माणसं होती. आजींनी उशीर का झाला विचारलं. मी सांगायला लागलो आणि सगळंच सांगून बसलो, माझ्या सहीसकट.

"मंग झालं का त्या बाईचं काम?" आजींनी विचारलं.

"अजून नाही."

"मंग हितं काय करताय?"

मुलांनी भाषण करायला सांगितलं. मी म्हणालो, आजींचं झालंय. मग पँट वर करून त्यांच्याबरोबर खाचरात उतरलो आणि पुंजकाभर भाताचं आवण लावलं. माझं लावून झाल्यावर एका बाईने ते काढून पुन्हा लावलं.

शुक्रवारचा वेल्ह्यातला कार्यक्रम मी रद्द केला. तिथले प्राचार्य फोनवर "अरेरे" म्हणाले, पण त्यांचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. मी सकाळीच विद्यापीठात परतलो आणि परीक्षा विभागात जाऊन उभा राहिलो. तिथल्या कुणीही कुलगुरूला त्या खोलीत पाहिलेलं नसावं, कारण दोघंजण उठून उभे राहिले आणि तिसऱ्याने मला काउंटर तीनला जायला सांगितलं. मी काउंटर तीनला गेलो. तिथे निवृत्तीला आलेल्या एक लिपिक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मला मागच्या खोलीत नेलं. हाताने लिहिलेल्या जुन्या निकालवह्या तिथे रचून ठेवल्या होत्या. वीस मिनिटांत वही सापडली. पान उघडलं. नाव होतं, आणि नावात काना होता, निळ्या शाईतला, ठसठशीत. वहीवरून संगणकात भरताना तो राहून गेला होता.

"ही वही कुणी पाहिली नाही का कधी?" मी विचारलं.

"सर, वही मागवायला लेखी पत्र लागतं," त्या म्हणाल्या. "कुणी पाठवलंच नाही."

माझ्या जुन्या खोलीचं दार तिथून दिसत होतं. त्या दाराआड बसून मी चार महिने सह्या केल्या होत्या. मी लिपिक बाईंचे आभार मानायला लागलो आणि धुळीने खोकलो. त्यांनी पाणी दिलं.

नवी पदवी छापायला तीन दिवस लागले. दीक्षान्त समारंभात ती स्वीकारावी, असं निमंत्रण मी बाईंना फोनवर दिलं. तारीख ऐकून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पोरांची वजनं घ्यायची असत्यात." म्हणून मीच ती घेऊन त्यांच्या घरी गेलो. ड्रायव्हर आणि मी, दोघंच.

बाईंनी नाव वाचलं. मग बोटाने एकेक अक्षर पुन्हा वाचलं. कान्यावर बोट जरा थांबलं. मग विद्यापीठाचं नाव, विषय, वर्ग, तारीख, सगळं वाचलं, आणि शेवटी खालची माझी सही.

"वाचून केली?"

"वाचून केली."

त्यांनी पदवी घरच्या कपाटात ठेवली. त्यांचे मालक ओट्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "आन त्यो बाप्या? त्याची पदवी गेली म्हनायची?" बाई आतून म्हणाल्या, "जाऊ द्या. त्यानं अभ्यास कुठं केला व्हता?"

मी माफी मागायची म्हणून आलो होतो. गाडीत वाक्यही तयार केलं होतं. चहा झाला, उठायची वेळ झाली, तेव्हा म्हणालो, "बाई, ती पर्यवेक्षिकेची जागा..."

त्यांनी कपबशी उचलली. "ती गेली," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. "ती काय कान्यासंगं परत येती व्हय?"

तयार केलेलं वाक्य मी तसंच परत नेलं.

सप्ताहाचा अहवाल यथावकाश छापून आला. त्यात बुधवारच्या दिवसाला 'ग्रामस्थांच्या समस्यांचे तत्पर निराकरण' असं शीर्षक होतं. छपाईआधी तो माझ्याकडे सहीला आला होता. मी तो वाचला आणि 'तत्पर' खोडलं. अधिकाऱ्यांनी त्या जागी 'यथोचित' घातलं. मी तेही खोडलं. मग जागा मोकळीच राहिली आणि अहवाल तसाच छापला गेला.

पुढच्या वर्षी बाईंनी एम.ए.ला बाहेरून नाव घातलं. मला ते प्रवेशयादीतून कळलं. मी काही केलं नाही, फोनही केला नाही. मधून कुणी बोट घातलं की काय होतं, ते त्या विभागात मी पुरेसं पाहिलं होतं. माझी मुदत संपली आणि मी घरी बसलो. एका सकाळी भाजी निवडत असताना त्यांचा फोन आला.

"सायेब, पयलं वर्ष निघालं."

मला इतका आनंद झाला की हातातली मेथी खाली पडली. "वा! गुण किती पडले?"

"ते माझं मला ठावं," बाई म्हणाल्या. "नाव बरोबर हाय का तेवढं सांगायला फोन केलाय."

"आहे का?"

"हाय," त्या म्हणाल्या, आणि पोरं आलीत म्हणून फोन ठेवला.