कुत्रीच्या बाळंतपणाचा गुन्हा

भुगामावशीला स्वतःचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती भुगामावशीच. कचेरी सरकारी, आणि तीही गुपितांची. आत जाताना जेवणाचा डबा उघडून दाखवायचा आणि बाहेर पडताना तोच डबा रिकामा दाखवायचा. तिथं तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, कागद फाडायचं एक मशीन होतं. वरच्या मजल्यांवर जी गुपितं शिळी व्हायची ती गठ्ठ्यांनी खाली यायची. मावशी त्यांना मशीनच्या तोंडी द्यायची, पलीकडून पट्ट्या पडायच्या, पट्ट्यांची पोती भरायची आणि पोती भट्टीत जायची. एवढ्यावर गुपिताचं आयुष्य संपलं.

त्या खोलीचा नियम एकच: कागद पालथा घालायचा. लिहिलेली बाजू खाली. मावशीला वाचता चांगलं यायचं, शाळेत तिचा पहिला नंबर असे म्हणे. पण त्या खोलीत इतकी वर्षं काढून तिनं एक ओळ वाचली नव्हती. "डोळ्यांनी पाहिलं की जिभेला खाज सुटते," असं म्हणायची. सवय इतकी हाडीमाशी भिनली होती की घरी विजेचं बिल हातात दिलं तरी आधी ते पालथं करायची.

"अगं, बिल आहे ते," नवरा म्हणायचा, "सरकार उलथणार नाही त्यानं."

"मेलं, हातच तसे वळलेत," ती म्हणायची आणि बिल उताणं करायची.

नवरा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी जिन्याला लागून त्याचं दुकान, एका माणसानं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. डोळे अधू झाल्यावर मोठी कामं त्यानं सोडली आणि काजं, बटणं, तुरपाई एवढंच ठेवलं. बोटांना टाका अजून बरोबर सापडायचा, पण सुईत दोरा मात्र काही केल्या जायचा नाही. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी मावशी दिवसभराच्या सुया ओवून ठेवायची आणि त्याच्या सदऱ्यावर छातीशी टोचायची. काळा दोरा डावीकडे, पांढरा उजवीकडे, रंगीत मधे. पदकं लावलेल्या सेनापतीसारखा तो दुकानात बसायचा. लांब दोरे घातले तरी संध्याकाळपर्यंत सुया संपायच्या आणि मग तो बायकोची वाट बघत बसायचा. सुटी झाली की मावशी कचेरीच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, साबण लावून, नखं घासून. शाईची धूळ पांढऱ्या दोऱ्याला लागली तर गिऱ्हाईक शिंप्याच्या नावानं शंख करणार, हे तिला पक्कं ठाऊक.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण गल्लीतल्या एका भटक्या कुत्रीनं थंडीच्या कडाक्यात नेमका या दुकानाचा जिना बाळंतपणासाठी निवडला.

पिल्लं झाली. उघड्या फरशीवर एकमेकांना चिकटून कुडकुडायला लागली. मावशीच्या पोटी मूलबाळ नव्हतं, पण पोटात माया भरपूर. दुसऱ्या दिवशी तिनं कचेरीतून पट्ट्यांचं एक पोतं आणलं आणि जिन्याखाली मऊ गादी करून दिली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काय मावशी, पोतं कुठं निघालं?"

"बाळंतिणीला," मावशी म्हणाली. पहारेकरी हसला आणि फाटक उघडलं.

हसणारच की. ते पोतं काही पहिलं नव्हतं. कारकुनांची बदली झाली की काचसामान याच पट्ट्यांत बांधलं जायचं. खुद्द मोठ्या साहेबांनी नव्या बंगल्यात बिऱ्हाड हलवलं तेव्हा बाईसाहेबांच्या कपबश्यांसाठी दोन पोती गेली होती, आणि ती मावशीनंच डोक्यावरून गाडीपर्यंत नेली होती. बाईसाहेब म्हणाल्या होत्या, "बाई गं, कित्ती मऊ!" तेव्हापासून कचेरीत सगळ्यांचा समज एकच: फाडला की कागद मेला. भट्टीत गेला काय आणि बश्यांखाली गेला काय.

पण त्या हिवाळ्यात मशीनची पाती बोथट झाली होती. मावशीनं वर दोनदा सांगून झालं होतं, वरून "बघू" आलं होतं. बारीक भुगा पडायच्या ऐवजी बोटभर रुंद पट्ट्या पडत होत्या. आणि गल्लीत एक तक्रारबुवा राहायचा. कुणाचा दिवा जास्त जळतो, कुणाचं पोर जास्त रडतं, याची तक्रार केल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. वाऱ्यानं एक पट्टी उडून त्याच्या पायरीवर पडली, आणि तिच्यावर तांबड्या शिक्क्याचं अर्धं अंग होतं: 'अत्यंत गोप'. तक्रारबुवाचा जन्म सार्थकी लागला. चप्पल न घालताच पोलिसांकडे पळाला.

पहाटे पोलिसांनी मावशीचं दार ठोठावलं, तेही काठीनं. घर उलटंपालटं झालं, गादीचा कापूस बाहेर आला, शिंप्याच्या सुयांचा डबा फरशीवर उपडा झाला. कुत्रीला हाकलून पिल्लांच्या खालची गादी चिमट्यानं उचलून पिशव्यांत भरली. एक फौजदार नाक दाबून म्हणाला, "हे ओलं का आहे?"

"पिल्लं आहेत हो ती," मावशी म्हणाली. "ती काय रजा घेऊन बाहेर जाणार?"

पुढं कितीतरी दिवस मोठमोठे शिकलेले अंमलदार तोंडाला फडकी बांधून त्या ओल्या पट्ट्या वाळवत आणि एकमेकींना चिकटवत बसले होते. शेवटी जुळलं काय? कचेरीच्या गच्चीची गळती कुणी दुरुस्त करायची याचा वाद. पण शिक्का तो शिक्का. एका हवालदाराला राहून राहून दया आली आणि त्यानं एक पिल्लू पाळायला नेलं. नाव ठेवलं 'पुरावा'.

कचेरीत चौकशी बसली. मधल्या खुर्चीत खुद्द मोठे साहेब. आवाज तुपात घोळलेला. म्हणाले, "मावशी, तुमच्याबद्दल आम्हाला आपुलकी आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त. तुम्हाला कधी वाटलं नाही, हे चुकतंय म्हणून?"

"नाही वाटलं साहेब. बाईसाहेबांच्या कपबश्यांना दोन पोती नेली होती ना मी? त्याच मापानं गेले."

टंकलेखिकेची बोटं थांबली. साहेबांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "ते लिहायची गरज नाही."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. शिळं काही तोंडात आल्यावर पुसतात तसं.

तिला कामावरून काढलं, खटला भरला, जामिनावर घरी सोडलं. गुन्हा शाबित झाला तर तुरुंग. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं, डोळ्यांपुढं फक्त त्या सुया यायच्या. ती आत गेली तर शिंप्याला दोरा कोण ओवून देणार? दुकान म्हणजे त्याचा जीव. ते मिटलं की तो मिटलाच.

आणि अशात एक भलतीच बातमी फुटली. मोठे साहेब संध्याकाळी घरी मेजवान्या द्यायचे. जेवण उरकलं की पाहुण्यांवर छाप पाडायला कचेरीतले कागद काढून वाचून दाखवायचे, अगदी हावभावांसकट. फाडलेले नव्हे, चांगले अखंड, ताजे, सह्या-शिक्क्यांचे. एका पाहुण्याला पाठांतराची सवय होती. दुसऱ्या आठवड्यात तेच शब्द वर्तमानपत्रात, स्वल्पविरामासकट. मग पोलीस साहेबांच्या बंगल्यावर गेले. गेले म्हणजे कसे? आधी फोन करून विचारलं, केव्हा आलं तर सोयीचं पडेल. बाईसाहेबांनी कॉफी दिली. कॉफी झाल्यावर सापडलं ते असं: साहेबांच्या जातिवंत कुत्र्याला निराळी खोली होती, त्या खोलीत गुपितांच्या पेट्या भिंतीला लावून रचल्या होत्या आणि वरच्या पेटीवर कुत्रा लोळत होता.

हे ऐकून शिंपी इतका हसला की छातीवरची सुई टोचली. "म्हणजे दोघांचेही कागद कुत्र्याखालीच सापडले! आता तू सुटलीस बघ."

चार दिवसांनी साहेबांचा वकील दुकानात आला. कोट मऊ, बोलणं त्याहून मऊ. "एक बटण निघालंय," म्हणाला. शिंप्यानं बोटं फिरवली तर दोरा कात्रीनं कापलेला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, तो बटण लावू लागला. वकिलानं मावशीपुढं एक कागद सरकवला.

"मावशी, साधी गोष्ट आहे. त्या पेट्या फाडायला तुमच्याकडे आल्या होत्या. तुमच्या नजरचुकीनं त्या साहेबांच्या गाडीत गेल्या. साहेबांना पत्ताच नाही. एवढं मान्य करा. साहेब मोकळे झाले की तुमच्यासाठी शब्द टाकतील. तुम्ही घरी, हे दुकानात, सगळं पूर्ववत."

मावशीनं कागद हातात घेतला, सवयीनं पालथा केला आणि तसाच परत सरकवला.

"अहो, वाचा तरी."

"नाही वाचत. वरून आलेले कागद मी फाडते फक्त."

"विचार करा. तुरुंग म्हणजे गंमत नाही. यांचं कसं होणार?"

मावशीनं नवऱ्याकडे बघितलं. शिंप्यानं मान वर केली नाही. टाका संपवला, गाठ मारली आणि म्हणाला, "अगं, ती कात्री दे जरा." तिनं दिली. त्यानं नुकतंच लावलेलं बटण कच्चकन कापलं आणि वकिलाच्या हातावर ठेवलं. "आमच्याकडे हे काम होत नाही."

मावशीचं तोंड कडू झालं होतं. वकील गेल्यावर ती दारात जाऊन थुंकून आली. "पिल्लाच्या मुताचा वास बरा," म्हणाली, "तो निदान धुतला की जातो."

दोन्ही निकाल एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशापुढं. त्या सकाळी मावशीनं नेहमीइतक्याच सुया ओवल्या. शिंपी म्हणाला, "थोड्या जास्त ओवतेस का?" तर चिडली. "संध्याकाळी मी घरी असणार आहे. अपशकुनासारखं बोलू नका."

आधी साहेबांचं नाव पुकारलं. त्यांना बसायला खुर्ची मिळाली. न्यायाधीश चष्मा पुसत म्हणाले, एवढी प्रदीर्घ सेवा, समाजातलं एवढं स्थान, हेतू वाईट नव्हता, झालेली बदनामी हीच मोठी शिक्षा. सबब किरकोळ दंड आणि समज. साहेबांनी मान लववली. मागच्या बाकावर कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मावशीला हुरूप आला. नवऱ्याच्या कानाशी लागली, "पेट्याच्या पेट्यांना नुसती समज. मला तर चहा पाजूनच पाठवतील."

मग तिचं नाव आलं. खुर्ची नव्हती. तिचा वकील सरकारनं दिलेला, त्यानं तिचं वय चुकीचं सांगितलं आणि वर त्याला जांभई आवरेना. न्यायाधीश म्हणाले, तळाची माणसं सैल झाली तर सरकार टिकायचं नाही. जरब बसायला हवी. एक वर्ष सक्तमजुरी.

शिंपी अंदाजानं तिचा हात शोधत होता आणि त्याला कठडा सापडत होता.

"काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सांगते की," मावशी म्हणाली. "साहेबांच्या कुत्र्यानं अखंड कागद वापरले, माझ्या कुत्रीनं फाडलेले. तेवढा फरक मला कळला. पण माझी कुत्री भटकी आहे हा तिचा गुन्हा, की माझा?"

लोक खो खो हसले. न्यायाधीशांनी टेबल आपटलं. मावशी हसली नाही. समोरच्या साऱ्या तोंडांची तिला शिसारी आली होती, हसणाऱ्यांचीसुद्धा.

बाहेरच्या पडवीत तुरुंगाच्या गाडीची वाट बघत तिला बाकावर बसवलं. तिथून मोठे साहेब चालले होते, मागं माणसं. तिला पाहून थांबले. वाकले. तिचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. हात लोण्यासारखे, अत्तराचा वास. "धीर धरा मावशी," म्हणाले. "एक वर्ष काय, हां हां म्हणता जाईल. माझ्याही वाट्याला कमी आलं नाही हो." आणि डोळे टिपत पुढं गेले.

मावशीनं हात अंगापासून दूर धरले, पाल पडल्यासारखे. नवरा शेजारी येऊन बसला, तिचा हात धरायला लागला.

"थांबा, शिवू नका मला अजून," ती म्हणाली. मग शेजारच्या हवालदारणीला विचारलं, "बाई, इथं नळ कुठं आहे? आणि साबण?"

हवालदारीण तिला घेऊन गेली. साबणाची वडी चिंचोक्याएवढी उरली होती. मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. हवालदारीण म्हणाली, "अहो बाई, कातडं निघेल."

"निघू दे. ते परत येतं."

पदरानं हात कोरडे करून ती बाकावर आली. नवऱ्याच्या खिशात दोऱ्याची रिळं असायचीच. तिनं त्याच्या सदऱ्यावरून एकेक सुई काढली, सकाळचा दोरा ओढून टाकला आणि नवे दोरे ओवायला लागली, हात पुरेल तेवढे लांब. शिंपी छाती पुढं करून बसून राहिला. गाडी आली. हवालदारणीनं गाडीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून चालकाला म्हणाली, "जरा पाणीबिणी पिऊन ये ना."