तीन दिवसांची बाटली

मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत बायका मिळून अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायच्या. सुरुवात करून देण्याचा मान माझा. तो कोणी मागूसुद्धा नये, असा माझा थाट.

त्या वर्षी आषाढात सर्दी झाली. औषधवाल्यानं नाकात मारायचा स्प्रे दिला आणि बजावलं, "आंटीजी, तीन दिन. उससे ज्यादा नहीं."

नाक इतकं मोकळं झालं की त्याचं बोलणं मी विसरूनच गेले. चौथ्या दिवशी पुन्हा बंद. सर्दीच हट्टी, असं ठरवून आणखी मारला. महिन्याभरात दर दोन तासांनी बाटली लागायला लागली. एक पर्समध्ये, एक उशीखाली, एक देव्हाऱ्याच्या खणात कापराच्या डबीशेजारी.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली! सरावात कोणाचं नाक चोंदलेलं दिसलं की मी बाटली पुढे करायची. हळदीकुंकवाचा करंडा फिरावा तशी ती नाकोनाकी फिरली. आठवड्यात चौघी शिंकायला लागल्या. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही काय सर्दीचा प्रसाद वाटून राहिल्या?"

गणपतीला दहा दिवस उरले तेव्हा मी नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्तदाब वाढलेला निघाला. मग त्यांनी पर्स उघडायला लावली.

"यह कब से?"

"थोड़े दिन."

"थोड़े मतलब?"

"राखी के पहले से."

"सर्दी तो कब की गई, माताजी. अब नाक यही दवा बंद कर रही है." रक्तदाब असताना विचारल्याशिवाय हा स्प्रे घ्यायचाच नाही, असंही त्यांनी सुनावलं. एका नाकपुडीत मारणं आधी सोडा, दुसरीत नंतर. मधल्या काळात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि रोजचा एक वेगळा स्प्रे.

"गणपतीनंतर सोडते," मी गयावया केली.

"फिर दिवाली आ जाएगी."

अथर्वशीर्षाच्या सकाळी उजवी जेमतेम किलकिली झालेली, डावी नुकतीच सोडलेली. नाकातले उच्चार घशातच अडकत होते. खणातली बाटली काढली, झाकणही उघडलं. एक फवारा, की मान माझाच. मग झाकण लावलं, मंडळात गेले आणि बाटली जावेच्या हातात कोंबली. "आज तू सुरू कर."

"आणि ही मारू?"

"खबरदार! फेकून दे."

मी मागच्या सतरंजीवर तोंड उघडं ठेवून बसले. तिनं सुरेख सुरुवात केली. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी देव्हाऱ्याचा खण उघडला, तर कापराचा वास आला. दोन महिने तो तिथेच होता. आता घरात तसली बाटली आली की मी तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिते, आणि जिची तिलाच.

पुढच्या गणपतीत मी पहिल्या रांगेत बसून घसा खाकरला. जाऊ वळून म्हणाली, "काहून ताई? मी आहे ना."