पुढून पाचशे वॅट, मागून सत्तर

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम चोवीस हजार रुपये: चौदा हजार मुलीचे, गाण्याच्या शिकवण्या घेऊन साठवलेले, आणि दहा माझे. वाशीमच्या दुकानात हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि दुकानदार. मुलीच्या पाठीवर तिची बेस गिटार होती, पण त्या गिटारला त्या दिवशी कुणी हजेरीत धरलं नाही.

मुलगी तेवीस वर्षांची. लग्नसमारंभात गाणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तिला बेस वाजवायला घेतलं होतं. चालकाची अट एकच. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्वतःचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचा बॉक्स आणायचा, नाहीतर बेस पूर्वीसारखा कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकेल. तिची जागा एका डाव्या हाताशी बरोबरीत होती.

दुकानदारानं अॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकत्रच असलेला एक डबा पुढे ओढला. त्यावर भडक लाल कागद: ५०० वॅट. किंमत बावीस हजार.

"स्पीकर किती इंची आहे?" मुलीनं विचारलं.

"काका, दहा इंची," त्यानं मला सांगितलं.

मी डबा फिरवला. माझी ही सवयच आहे. मिक्सर असो की पंखा, मी मागची पट्टी वाचतो. तिथे बारीक अक्षरांत वीजवापर सत्तर वॅट लिहिला होता.

"पुढून पाचशे अन् मांगून सत्तर?"

"मांगचं लाईटीचं आहे काका. पुढचं आवाजाचं."

"म्हणजे हे सत्तर खाते अन् पाचशे देते? मंग चार डबे द्या. इहिरीवरच्या मोटरीले जोडतो, लोडशेडिंगच मिटते."

"तुमी कायले वाचत बसले? आवाज ऐका न!" त्यानं आपला मोबाईल जोडला. डीजेचं गाणं दणाणलं, काउंटरची काच थरथरली. मुलीनं गिटारच्या पिशवीची चेन उघडली. दुकानदारानं लगेच हात आडवा केला.

"ताई, गिटार नका लावू. गिटारनं स्पीकर फाटते."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "बेस गिटारचा डबा अन् बेस गिटारनं फाटते?"

"नवा माल आहे न काका. घरी नेल्यावर आरामात वाजवा."

घरी नेल्यावर फाटला तर तो आमचा. मी अठ्ठावीस वर्षं घर चालवतोय, पण वाजवून पाहू न देता वाजवायची वस्तू विकणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. तोही तक्रार करणाऱ्यालाच अडाणी समजून हसत होता. आम्ही एसटीनं परत आलो. मुलगी वाटभर गिटार मांडीवर आडवी धरून बसली.

पुढच्या रविवारी कारंजा. तिथल्या दुकानदाराकडे माल चांगला असावा. असावा म्हणतो, कारण खोकं उघडायलाच तो तयार नव्हता. "सील फोडलं की माल तुमचा." भाजीवाली वांगं कापून दाखवते, आणि हा तेवीस हजारांची वस्तू पुठ्ठ्यावरच्या चित्रावरून विकायला बसलेला. मी दुकानातच आवाज चढवला. मुलगी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

बाहेर ती म्हणाली, "बाबा, तुमी दोन्हीकडं भांडले. पन मले काय पाह्यजे, हे कोनीच नाई इचारलं. तुमी बी नाई."

राग आला, आणि तो नेमका कुणाचा, हे लगेच कळलं नाही. मी घरून वॅटांचा, इंचांचा, किमतींचा तक्ता करून नेला होता. त्यात तिला विचारून लिहिलेली एकही ओळ नव्हती.

"काय पाह्यजे तुले?"

"जाडी तार वाजवली की सूर कळला पाह्यजे. नुसता धडधडाट नको."

शेवटच्या रविवारला चार दिवस उरले असताना तिनंच शोध लावला. कामरगावात लग्नाच्या मंडपाचं, गाद्या-भांड्यांचं सामान भाड्यानं देणारं एक बिछायत केंद्र आहे. चालवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याचा एके काळी ऑर्केस्ट्रा होता. तो मोडला, नवरा वारला, आणि बेसचा अॅम्प्लिफायर व पंधरा इंची स्पीकरचा बॉक्स गोदामात राहिला. आम्ही गेलो तेव्हा बॉक्सवर गाद्यांची चळत होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "वाजवून पाह्य न बाई. पैशाचं मंग बोलू."

मी सवयीनं पट्टी वाचायला वाकलो.

"बाबा, जरा बाजूले व्हा."

तिनं सर्वात जाडी तार छेडली. सूर जमिनीतून माझ्या पायात चढला, पण स्वच्छ. फळीवरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणल्या. आवाज वाढवल्यावर आतून खरखर आली. मी म्हणालो, "फाटला!" ती म्हणाली, "नाई, कडी ढिली हाय," आणि बॉक्स उचलायची, स्क्रूनं बसवलेली कडी हातानं दाबून धरली. खरखर थांबली. तिनं अर्धा तास वाजवलं. बाई गाद्यांवर बसून ऐकत राहिल्या.

मग तिथूनच तिनं चालकाला फोन लावला. "माही जागा ठेवा."

"किती वॅटचा घेतला?" फोनमधून आवाज आला.

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला, बॉक्ससमोर धरायला लावला आणि वाजवलं. मी धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं चालक म्हणाला, "ठीक हाय. रविवारी चार वाजता ये. कीबोर्डवाल्याले सांगतो."

बाईंनी एकोणीस हजार सांगितले. कडीचं नाव काढून मी सोळावर अडलो. बाई म्हणाल्या, "भाऊ, एका स्क्रूचे तीन हजार? तुमी तं दुकानदाराहून बी पक्के!" मुलगी हसली. मला हसू आलं नाही, कारण मला ती तुलना आजही मान्य नाही.

शेवटी दिलेली रक्कम सतरा हजार पाचशे, बिछायत केंद्राच्या बाईंना. त्यात चौदा हजार मुलीचे, साडेतीन माझे. पावती मुलीच्या नावानं. जीपवाल्याला वेगळे चारशे, कारण बॉक्सनं दोन माणसांची जागा घेतली.